मऊ पोट, असह्य कळ

पोटदुखीच्या बहुतेक कारणांचा शोध पोटातल्या एखाद्या अवयवापाशी येऊन थांबतो. अपेंडिक्सला सूज येते, पित्ताशयात खडे होतात, मूत्रवाहिनीत खडा अडकतो, जठराला छिद्र पडते किंवा आतड्याला पीळ बसतो, आणि त्या त्या जागी हात लावताच रुग्ण दचकतो, पोटाचे स्नायू आपोआप ताठ होतात व निदानाची दिशा मिळते. कारणांचा एक लहान गट मात्र असा आहे की त्यात अवयव मुळात निरोगी असतो आणि बिघाड असतो तो त्याला रक्त पोहोचवणाऱ्या रोहिणीत किंवा त्याच्याकडचे रक्त परत नेणाऱ्या नीलेत. हा गट संख्येने लहान असला तरी मृत्यूच्या हिशेबात तो फार मोठा आहे, कारण आतड्याचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याच्या विकारात, म्हणजे तीव्र आंत्र-रक्तन्यूनतेत, आजही साधारण निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात, आणि निदानाला होणारा उशीर हे त्याचे सर्वांत मोठे कारण असते.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील पवनारच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. धाम नदीच्या काठचे, विनोबांच्या परमधाम आश्रमामुळे देशभर माहीत झालेले हे गाव वर्धा-नागपूर रस्त्यावर आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, सेवाग्रामला सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे कस्तुरबा रुग्णालय येथून जवळ आहे, आणि सावंगी (मेघे) येथील विनोबांच्याच नावाचे ग्रामीण रुग्णालयही फार दूर नाही. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या रुग्णाला जे अंतर कापावे लागते ते पवनारच्या रुग्णाच्या वाट्याला येत नाही. तरीही पोटातल्या रक्तवाहिनीचा विकार येथे उशिरा ओळखला जात असेल, तर दोष रस्त्याला देता येणार नाही, तो विचार करण्याच्या पद्धतीत शोधावा लागेल. शिवाय पवनार सिकलसेल या रक्तविकाराच्या पट्ट्यात येते आणि त्यामुळे पाठ्यपुस्तकातले एक प्रसिद्ध लक्षण येथे दोन परस्परविरुद्ध अर्थ धारण करते.

या प्रश्नावर वैद्यकात दोन भूमिका आहेत. त्या येथे दोन व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत: एक, पवनारला स्थायिक झालेले ज्येष्ठ शल्यचिकित्सक, ज्यांचा भर रुग्णाच्या हकिकतीवर आणि हाताने केलेल्या तपासणीवर आहे, आणि दुसरी, वर्ध्यातील तरुण रेडिओलॉजिस्ट, जिच्या मते या विकारात हात नेहमी उशिरा पोहोचतो. व्यक्ती काल्पनिक आहेत, मतभेद खरा आहे.

शल्यचिकित्सकांनी सुरुवातीलाच आपली बाजू ठामपणे मांडली. “पोट दुखते म्हणून येणाऱ्या शंभर माणसांपैकी बहुतेकांना जंत, आम्लपित्त, जुलाब, मूतखडा, अपेंडिक्स किंवा नुसती बद्धकोष्ठता असते. त्या सगळ्यांना सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपवायचे ठरवले, तर किरणोत्सर्गाचा भार, खर्चाचा भार आणि प्रतीक्षेची रांग या तिन्हींखाली ज्याला खरी गरज आहे तोच दबून जाईल. यंत्राला प्रश्न विचारायचा असतो, आणि प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशीच तयार होतो. नाडीवर बोट न ठेवता मागवलेला स्कॅन म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र आहे, मॅडम.”

रेडिओलॉजिस्टने हे म्हणणे खोडून काढले नाही, त्यातील वेळेचा हिशेब मात्र तिने वेगळा मांडला. तिच्या मते शरीररचनेकडे पाहिल्याशिवाय हा वाद समजणारच नाही. हृदयातून निघालेली महारोहिणी पोटात उतरते तेव्हा तिच्या पुढच्या बाजूने तीन शाखा निघतात. पहिली सीलिअॅक शाखा जठर, यकृत व प्लीहा यांच्याकडे जाते, तिच्या सुमारे एक सेंटिमीटर खालून निघणारी सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरी, म्हणजे आतड्यांची मुख्य रोहिणी, जवळजवळ सगळे लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा पहिला अर्धा-अधिक भाग पोसते, आणि तिसरी, सर्वांत बारीक शाखा उरलेल्या मोठ्या आतड्याला रक्त देते. विश्रांतीच्या वेळीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी पाचवा ते चौथा हिस्सा पोटातील या अवयवांकडे वळलेला असतो. त्यातली मधली रोहिणी अचानक बुजली, तर आतड्याचा सर्वांत आतला थर, म्हणजे अन्नरस शोषणारे अस्तर, सर्वांत आधी मरू लागतो, कारण त्याचीच प्राणवायूची गरज मोठी असते. बाहेरचा थर आणि त्यावरचे उदरावरण मात्र काही तास शाबूत राहतात.

“सर, तुमचा हात ज्या ताठरपणाची वाट पाहतो तो उदरावरण चिडल्यावर येतो,” ती म्हणाली, “आणि या विकारात उदरावरण चिडते ते आतड्याची भिंत आरपार मेल्यावर. रोहिणी पूर्ण बुजली असेल, तर सुमारे सहा तासांत ते घडू शकते. म्हणजे हाताला जेव्हा निदान कळते, तेव्हा वाचवण्यासारखे आतडे बहुधा उरलेले नसते.”

या विकाराची जी खूण वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते, ती याच रचनेतून येते. रुग्ण कळवळत असतो, खाटेवर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत असतो, एक-दोन उलट्या झालेल्या असतात, कधी लगेच शौचालाही होऊन गेलेले असते, आणि पोट मात्र हाताला मऊ लागते. तक्रार मोठी आणि तपासणीत काहीच नाही, अशी ही विसंगती आहे. शल्यचिकित्सकांनी ही विसंगती आपल्याच बाजूचा पुरावा म्हणून पुढे केली: ती स्कॅनमध्ये दिसत नाही, ती रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत पोटावर हात ठेवणाऱ्यालाच दिसते. गावपातळीवर नेमके उलट होते, याची त्यांना चीड होती. पोट मऊ लागले की “काही नाही, गॅस आहे” असे म्हणून एक इंजेक्शन आणि एक सलाईन दिले जाते, तासाभराने दुखणे किंचित उतरले की घरी पाठवले जाते, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी तोच माणूस फुगलेले पोट, पडलेला रक्तदाब आणि काळसर शौच घेऊन रुग्णालयात येतो. मधल्या काळात दुखणे कमी होण्याचे कारण औषध नसते. आतड्याच्या आतल्या थरातील संवेदना मरत आलेल्या असतात, हे आहे.

नाडीचा मुद्दा त्यांनी येथे विस्ताराने मांडला, आणि तो मांडण्यासारखाच होता. आतड्याच्या रोहिणीत अडकणारी गुठळी निम्म्याच्या आसपास रुग्णांत हृदयातून वाहून आलेली असते. हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहिले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झाले, की तेथे रक्त साकळते, गुठळी बनते आणि प्रवाहाबरोबर सुटते. महारोहिणीतून तिरप्या कोनात खाली उतरणारी आतड्यांची रोहिणी तिला सोयीची वाट ठरते, आणि पहिल्या काही शाखा ओलांडून काही सेंटिमीटर पुढे गेल्यावर, नळी अरुंद होते तेथे, ती रुतून बसते. म्हणून लहान आतड्याचा अगदी सुरुवातीचा तुकडा अनेकदा वाचतो. पाश्चात्त्य पुस्तकांत हा रुग्ण सत्तरीचा असतो. विदर्भाच्या खेड्यात तो तिशीतली बाई असू शकते, कारण लहानपणी घसा सुजून आलेल्या संधिवाताच्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हरने, हृदयाची डावी झडप आखडणे अद्याप येथून गेलेले नाही. अशा रुग्णाच्या मनगटावर बोट ठेवले तर ठोक्यांना ना ताल असतो ना जोर. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून हृदयाचे ठोके मोजावेत आणि त्याच मिनिटात दुसऱ्याने मनगटाचे ठोके मोजावेत, तर मनगटाचे ठोके कमी भरतात, कारण काही ठोके इतके दुबळे असतात की ते हातापर्यंत पोहोचतच नाहीत. डाव्या कुशीवर वळवून छातीच्या टोकाशी ऐकले, तर आखडलेल्या झडपेची घरघर कानाला येते. एवढ्या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि वीज लागत नाही.

“अनियमित नाडी, अचानक उठलेली कळ आणि मऊ पोट या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर निदान झालेलेच आहे,” शल्यचिकित्सक म्हणाले. “पुढचा स्कॅन ते लिहून देण्यापुरता.”

“लिहून देण्यापुरता नाही, कुठे आणि किती हे सांगण्यासाठी,” रेडिओलॉजिस्ट उत्तरली, “आणि ज्यांची नाडी नियमित आहे त्यांच्यासाठी. ते कमी नाहीत.”

तिने उरलेले प्रकार थोडक्यात सांगितले. वर्षानुवर्षे बिडी ओढलेल्या, मधुमेह असलेल्या वयस्कांत रोहिणी आधीच चरबीयुक्त थराने अरुंद झालेली असते आणि तिच्यावर एके दिवशी जागीच गुठळी जमते. अतिदक्षता विभागात, रक्तदाब दीर्घकाळ पडलेल्या रुग्णात रोहिणी उघडी असूनही आकसल्यामुळे आतडे उपाशी मरते. आणि आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेत गुठळी जमली, तर रक्त आत येते पण बाहेर जात नाही, आतड्याची भिंत सुजून जड होते आणि दुखणे तासांत नव्हे तर दिवसांत वाढत जाते. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत हा नीलेचा प्रकार बऱ्यापैकी आढळतो आणि त्याचे रुग्ण तुलनेने तरुण असतात. रक्त गोठण्यावर अंकुश ठेवणाऱ्या प्रथिनांची जन्मजात कमतरता, अस्थिमज्जेचे काही विकार, बाळंतपणानंतरचे आठवडे, गर्भनिरोधक गोळ्या, यकृताचा सिरॉसिस ही त्याची कारणे आहेत. चार दिवस मुरडा आणि पोटफुगी सोसून आलेल्या बाळंतिणीच्या नाडीवर कितीही वेळ बोट ठेवले, तरी त्यातून काही कळणार नाही.

स्कॅन नेमके काय दाखवतो हे तिने एका प्रतिमेच्या वर्णनातून स्पष्ट केले. सीटी अँजिओग्राफीत हाताच्या नीलेतून आयोडीनयुक्त द्रव वेगाने सोडतात. साधारण पंचवीस ते तीस सेकंदांनी तो रोहिण्यांत भरलेला असताना पहिली छायाचित्रे घेतात आणि मिनिटभराने तो नीलांत उतरल्यावर दुसरी. पहिल्या फेरीत मुख्य रोहिणी महारोहिणीतून पांढऱ्याशुभ्र काडीसारखी खाली उतरताना दिसते. निरोगी माणसात ती फांद्यांत विभागत जाते, गुठळी असेल तर पांढरा रंग एका ठिकाणी अचानक संपतो, त्या टोकाला वाटीसारखा खोलगट आकार असतो आणि पलीकडे राखाडी दोरी उरते. दुसऱ्या फेरीत आतड्याची भिंत उजळायला हवी. जेथे ती उजळत नाही तेथे रक्त नाही. भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले आणि तीच हवा यकृताच्या नीलांत पोहोचलेली असली, तर बहुतेक वेळा आतडे मेलेले असते. या तपासणीची अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर आहे. या प्रश्नापुरता दुसरा कोणताही मार्ग तिच्या जवळपास येत नाही: रक्तातील लॅक्टेट, म्हणजे प्राणवायूच्या अभावी पेशींत साठणारे आम्ल, सुरुवातीच्या तासांत अगदी सामान्य असू शकते, आणि साधी सोनोग्राफी आतड्यातल्या वायूपुढे आंधळी होते.

येथे तिने आपल्याच क्षेत्रातील एक उणीव उघडपणे मांडली. तपासणीच्या चिठ्ठीवर फक्त “पोटदुखी, सीटी पोट” एवढेच लिहिलेले असेल, तर अनेक ठिकाणी नीलांची एकच फेरी घेतली जाते किंवा द्रव न सोडता साधाच स्कॅन होतो. मग अहवालात “आतड्याच्या काही वेटोळ्यांना सूज” असे मोघम वाक्य येते, रोहिणीची फेरी घेतलेलीच नसल्यामुळे गुठळी निसटते, आणि स्कॅन झाला असल्याच्या समाधानात आणखी सहा तास जातात. मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा अहवाल येईपर्यंत द्रव सोडायचा नाही, या नियमानेही वेळ जातो. मूत्रपिंडाची काळजी रास्त आहे, पण आतडे मरत असल्याची खरी शंका असताना तिच्यासाठी थांबू नये, असे आंतरराष्ट्रीय शस्त्रक्रिया-मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. दर सहा तासांच्या उशिरागणिक मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट होतो, हा त्यांतलाच हिशेब आहे.

“म्हणजे चिठ्ठीवरचा एक शब्द कमी पडला म्हणून यंत्र आंधळे झाले,” शल्यचिकित्सक म्हणाले. “हेच तर म्हणणे होते.”

या ठिकाणी वाद मिटायला हरकत नव्हती. हकिकत आणि नाडी शंका निर्माण करतात, स्कॅन ती तडीस नेतो, असे म्हणून दोघांना उठता आले असते. परंतु हा संवाद पवनारमध्ये चालला होता, आणि शल्यचिकित्सकांनी आता जो मुद्दा काढला तो मुंबई-पुण्यातील चर्चेत सहसा येत नाही.

सिकलसेलमध्ये रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या बदलामुळे प्राणवायू कमी झाला की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शिकागोचे जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये या पेशींचे पहिले वर्णन केले, भारतात निलगिरीच्या आदिवासींत हा विकार 1952 मध्ये नोंदला गेला, आणि मध्य भारतातील त्याचे अस्तित्व नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्ये वैद्यकीय जगापुढे मांडले. विदर्भात तो गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांपुरता मर्यादित नाही. बौद्ध, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत तो आहे. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल सिकलसेलग्रस्त होते, त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक असते, त्याला एएस म्हणतात. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि 2047 पर्यंत उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

“आता पाहा,” शल्यचिकित्सक म्हणाले. “एकोणीस वर्षांचा मुलगा पोट धरून येतो, किंचाळतो, आणि पोट मऊ लागते. पुस्तक म्हणते, आतड्याची रोहिणी बुजली, धावा. पण हा एसएस असेल तर ही त्याची सिकलची कळ आहे, रक्तवाहिन्यांचीच, पण केसाएवढ्या वाहिन्यांची, आणि तिच्यासाठी पोट उघडणे हा त्याच्यावरचा दुसरा आघात आहे. भूल, थंडी, पाण्याची कमतरता, प्राणवायूची किंचित घट, या प्रत्येकाने त्याच्या पेशी आणखी अडकतात. लक्षण एकच आहे. एका रुग्णाला ते तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेते आणि दुसऱ्याला टेबलापासून दूर ठेवते. पुस्तकातला नियम येथे जसाच्या तसा चालत नाही.”

ही या संवादातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती शिकवण्यात अपुरी येते असे स्पष्ट म्हणावे लागेल. लक्षणाचा अर्थ ते ज्या लोकसमूहात दिसते त्यावर ठरतो. वर्ध्याच्या आपत्कालीन कक्षात मऊ पोट आणि असह्य कळ दिसताच दोन प्रश्न एकाच वेळी विचारावे लागतात: नाडी कशी आहे, आणि सिकलसेलचे कार्ड आहे का.

रेडिओलॉजिस्टचे उत्तर या मुद्द्यावर अधिक तीक्ष्ण होते. कार्ड पाहून विचार थांबतो, हाच तिचा आक्षेप होता. पहिली चूक वाहकांच्या बाबतीत होते. गावोगावच्या शिबिरांत केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. ती ग्रस्त आणि वाहक यांत भेद करू शकत नाही. तो भेद इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांनीच होतो. वाहकाला सामान्य परिस्थितीत सिकलची कळ येत नाही. तरीही “सिकल पॉझिटिव्ह” असा शिक्का बसलेल्या पन्नाशीच्या वाहकाची पोटदुखी सिकलच्या खाती टाकली जाते, आणि त्याची बुजत चाललेली रोहिणी तशीच राहते. दुसरी चूक ग्रस्तांच्या बाबतीत होते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पोटात कळ येण्याची इतरही कारणे असतात: लाल पेशी सतत फुटत राहिल्याने कमी वयात पित्ताचे खडे होतात; प्लीहेचा तुकडा रक्ताअभावी मरतो तेव्हा डाव्या बरगडीखाली टोचते; लहान मुलांत रक्त अचानक प्लीहेत साचून ती काही तासांत बेंबीपर्यंत वाढते आणि हिमोग्लोबिन झपाट्याने घसरते, तेव्हा वेळेत रक्त दिले नाही तर मूल जाते. क्वचित खरोखरच आतडे मरते. या रुग्णालाही साधे अपेंडिसायटिस होऊ शकते, हे तर विसरलेच जाते.

“मग वेगळे कसे ओळखायचे?” असा प्रश्न तिनेच विचारला, आणि त्याचे उत्तर मात्र शल्यचिकित्सकांकडून आले. रुग्णालाच विचारायचे. ज्याने लहानपणापासून ही कळ सोसली आहे त्याला ती ओळखीची असते. हातापायांत, कमरेत, छातीतही त्याच वेळी दुखत असेल, आतड्यांचा आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येत असेल, पोट एका जागी जास्त दुखत नसेल, तर बहुधा ती नेहमीची कळ असते, आणि पाणी, ऊब, वेदनाशामक व प्राणवायू यांनी एक-दोन दिवसांत उतरू लागते. “ही कळ नेहमीसारखी नाही” असे रुग्ण म्हणाला, तर ते वाक्य लॅक्टेटच्या अहवालाइतक्याच गांभीर्याने घ्यायचे. वेदनाशामक दिल्याने लक्षणे झाकली जातात या जुन्या समजुतीने या मुलांना तास न् तास तळमळत ठेवले जाते, आणि त्या समजुतीला आता आधार उरलेला नाही, यावर दोघांचे एकमत होते. असा रुग्ण स्कॅनला नेताना त्याला आधी पुरेसे पाणी चढवावे आणि थंडगार खोलीत ब्लँकेटशिवाय ठेवू नये, एवढी सूचना रेडिओलॉजिस्टने आपल्या बाजूने जोडली.

मूतखड्याच्या नावाखाली दडणारी फुगलेली महारोहिणी हा दुसरा विषय त्यांनी त्यामानाने लवकर आवरला. पोटातील महारोहिणीचा व्यास 3 सेंटिमीटरच्या वर गेला की तिला अॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांत 5.5 सेंटिमीटरला ती दुरुस्त करण्याचा सल्ला दिला जातो. ती फुटते तेव्हा कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ नेमकी मूतखड्यासारखी असते. पोटात धडधडणारा गोळा, पाठीत दुखणे आणि पडलेला रक्तदाब हे त्रिकूट निम्म्याहून कमी रुग्णांत एकत्र भेटते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या महारोहिणीला 1948 मध्ये रुडोल्फ निसेन यांनी सेलोफेनचे वेष्टन घातले होते. 1955 च्या एप्रिलमध्ये ती फुटली तेव्हा दुखणे पित्ताशयाचे वाटण्यासारखे होते. साठी ओलांडलेल्या बिडी ओढणाऱ्या पुरुषाला आयुष्यात प्रथमच मूतखडा झाला असे निदान करण्यापूर्वी सोनोग्राफीचे टोक एकदा बेंबीच्या वर ठेवावे, हे शल्यचिकित्सकांनी यंत्राच्या बाजूने बोलून दाखवलेले वाक्य होते. पोटाच्या वरच्या भागात दुखणाऱ्या प्रत्येक वयस्काचा ईसीजी काढावा, कारण हृदयाच्या तळाकडच्या भागाचा झटका पोटातच जाणवतो, आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपून पहाटे पोटदुखीने जागा झालेल्या माणसाच्या पापण्या पाहाव्यात, कारण मण्यारीचा दंश असाच सुरू होतो, ही दोन पथ्ये त्यांनी त्याच ओघात सांगितली.

हळूहळू बुजणाऱ्या रोहिणीच्या रुग्णाबद्दल मात्र शल्यचिकित्सक रेंगाळले, कारण हा रुग्ण त्यांच्या मते सर्वांत मोठ्या अन्यायाचा बळी असतो. जेवणानंतर आतड्याला जास्त रक्त हवे असते. तीनपैकी दोन शाखा अरुंद झाल्या असतील, तर ते मिळत नाही आणि जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने बेंबीभोवती दुखू लागते. माणूस भाकरी अर्धी करतो, मग चतकोर करतो, मग ताटावर बसायलाच भितो. वजन घटते, कॅन्सरची शंका येते, एंडोस्कोपी दोनदा होते, त्यात काही सापडत नाही आणि शेवटी “मनाचे दुखणे” असे लिहून त्याला परत पाठवले जाते. भूक मेलेली नसते, खाण्याचे भय असते, हा फरक विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. येथे सहा तासांची घाई नसते. महिने हाताशी असतात, आणि म्हणूनच ते वाया जाणे अधिक लागते, कारण वेळेत ओळखले तर मांडीच्या रोहिणीतून तार नेऊन, अरुंद जागी जाळीची नळी बसवून हा माणूस पुन्हा जेवू शकतो.

उपचारांवर दोघांत फारसे अंतर नव्हते. निदान होताच रक्त पातळ ठेवणारे हेपारिन, शिरेतून पाणी, प्रतिजैविके, आणि शक्य असेल तेथे रोहिणी मोकळी करणे. मेलेले आतडे काढणे, आणि शंकास्पद भाग ठेवून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पोट पुन्हा उघडून पाहणे. मेलेले आतडे कापून रुग्ण वाचल्याची पहिली नोंद बोस्टनच्या इलियट यांची, 1895 ची आहे. रोहिणीतून गुठळी काढण्याचा धाडसी प्रयत्न 1951 मध्ये क्लास यांनी केला. नीलेच्या प्रकारात तर भिंत जिवंत असेतो केवळ रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांवर बहुतेकांचे भागते, आणि शस्त्रक्रिया टळते, ती लवकर झालेल्या स्कॅनमुळेच.

एका टोकाच्या प्रसंगावर मात्र मतभेद राहिला. ऐंशीच्या पुढचा रुग्ण, पोट उघडल्यावर सगळे लहान आतडे काळे. काढले तर उरलेले आयुष्य शिरेतून दिलेल्या अन्नावर काढावे लागणार, आणि तेही बहुधा थोडे. शल्यचिकित्सकांच्या मते पोट बंद करून वेदना थांबवणे हाच तेथे उपचार आहे. पवनारला हा विचार परका नाही, असे ते म्हणाले: नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी येथेच अन्न, पाणी आणि औषध सोडले व 15 नोव्हेंबरला देह ठेवला. रेडिओलॉजिस्टला ही तुलना मान्य नव्हती. विनोबांनी शुद्धीवर असताना, स्वतः निर्णय घेतला होता. टेबलावर भूल दिलेल्या म्हाताऱ्याचा निर्णय दुसराच कोणी घेतो, आणि तो विचारण्याची वेळ शस्त्रक्रियेच्या आधीची असते. ती वेळ हाताशी राहायची, तर स्कॅन पोट उघडण्यापूर्वी झालेला हवा आणि मेलेले आतडे किती हे घरच्यांना व खुद्द रुग्णाला, तो बोलू शकत असतानाच, सांगता आले पाहिजे. शल्यचिकित्सकांनी यावर प्रत्युत्तर दिले नाही.

शेवटी बोलणे पुन्हा चिठ्ठीवर आले. गावातून सेवाग्रामला किंवा सावंगीला रुग्ण पाठवताना त्या कागदावर काय असावे, यावर दोघे नेटाने बोलले, आणि यादी रेडिओलॉजिस्टने नव्हे तर शल्यचिकित्सकांनी सांगितली: कळ किती वाजता सुरू झाली, ती अचानक उठली की हळूहळू, नाडी नियमित आहे की नाही, पूर्वी कुठे गुठळी किंवा अर्धांगवायू झाला होता का, सिकलचा अहवाल एएस की एसएस आणि तो कोणत्या चाचणीने, आणि रुग्णाच्या मते ही कळ ओळखीची आहे की नवी. रेडिओलॉजिस्टने त्या यादीखाली एकच ओळ वाढवायला सांगितली: “रक्तवाहिनीची शंका, रोहिणी व नीला दोन्ही फेऱ्या घ्याव्यात.”